वाटचालीची रोजनिशी

इसवी सन १७९५ मध्ये, म्हणजे छत्तीसगडावर नागपूरकर भोसल्यांचा अंमल चालू असताना, कॅप्टन ब्लंट नावाचा कंपनी सरकारचा एक अधिकारी गंगाकाठच्या चुनारहून निघून, डोंगर आणि अरण्ये तुडवीत, रतनपूर, रायपूर व कांकेर या मार्गाने दक्षिणेस गोदावरीच्या दिशेने गेला. रतनपूर हे सुभ्याचे मुख्य ठाणे. तेव्हा तेथे एखादे भरभराटीचे शहर पाहावयास मिळेल अशी त्याची अपेक्षा होती, परंतु प्रत्यक्षात त्याला दिसले ते दूरवर पसरलेले भग्नावशेष आणि त्यांच्या आधाराने उभी असलेली हजारभर घरे. त्या मानाने रायपूर मोठे. येथे त्याने तीन हजारांच्या आसपास झोपड्यांचा अंदाज बांधला आणि गावाच्या ईशान्येस असलेल्या दगडी किल्ल्याच्या भिंती ढासळत चालल्याची नोंद केली. ब्लंट हा वाङ्मयाचा उपासक नव्हता. अज्ञात मुलखातील वाटांची पाहणी करण्याच्या कामगिरीवर तो निघाला होता, आणि कोणत्या दिवशी किती मजल मारली, कोठे उतारा घेतला, कोणत्या नदीला पाणी होते, गावकऱ्यांनी वाट दाखविली की अडविली, एवढेच तो लिहीत गेला. पुढे ते टिपण ‘एशियाटिक रिसर्चेस’ या ग्रंथमालेत छापले गेले. आज रायपूरच्या पुरानी बस्तीच्या बोळांतून, महामायेच्या देवळावरून दूधाधारी मठाकडे जाताना, हे गाव भोसल्यांच्या अमदानीत केवढे असेल असा प्रश्न ज्याच्या मनात उभा राहील, त्याला त्या काळचा जो थोडा लेखी पुरावा हाती लागतो, त्यात या परक्या वाटसरूच्या टिपणाला मानाचे स्थान द्यावे लागते.

पाठीवर सॅक टाकून चार-आठ दिवस डोंगरदऱ्यांतून हिंडून येणाऱ्या तरुणांची आणि तरुणींची संख्या अलीकडे आपल्या समाजात पुष्कळच वाढली आहे. सह्याद्रीतले गड, अमरकंटकाहून निघणारी नर्मदेची परिक्रमा, हिमालयातल्या पायवाटा यांचे आकर्षण रायपूरच्या मराठी घरांतही कमी नाही. परत आल्यावर ही मंडळी उत्साहाने बोलतात, छायाचित्रे दाखवितात, क्वचित एखादा लेखही लिहितात. त्या सर्वांना मला एकच गोष्ट आग्रहाने सांगावयाची आहे, आणि ती अशी की, प्रवासवर्णन मागाहून केव्हाही लिहिता येते, रोजनिशी मात्र त्याच दिवशी लिहावी लागते. आणि रोजनिशीवरून उत्तम प्रवासवर्णन तयार होऊ शकते, पण प्रवासवर्णनावरून रोजनिशी कधीही तयार होत नाही.

वस्तुतः दैनंदिन नोंदीची सवय मराठी माणसाला नवी नाही. मराठी राज्याचा कारभार कागदावर चालत असे. कुळकर्ण्याच्या बाडापासून पेशव्यांच्या दप्तरापर्यंत रोजकीर्द, ताळेबंद, हुजूरची सनद आणि परगण्याची जमाबंदी यांची अखंड परंपरा होती. गणेश चिमणाजी वाड यांनी निवडून सिद्ध केलेले पेशव्यांच्या रोजनिशीचे खंड ज्याने चाळले असतील, त्याला त्या कारकुनांच्या शिस्तीचा विस्मय वाटल्यावाचून राहणार नाही. साध्या पत्रातही आरंभी वा अखेरीस चंद्र, म्हणजे तारीख, आणि महिना घातल्याखेरीज लेखणी खाली ठेवली जात नसे. परंतु ही शिस्त बव्हंशी दरबाराची होती. खासगी माणूस यात्रेस निघाला म्हणजे त्याच्या प्रवासाची नोंद तो स्वतः न ठेवता तीर्थोपाध्याय ठेवीत. नाशिक, त्र्यंबकेश्वर, प्रयाग, गया येथील उपाध्यायांच्या वह्यांतून यात्रेकरूचे नाव, गाव, कूळ, वडील-आजोबा आणि स्वतःच्या हातची सही आजही सापडते. कोण आला हे त्या वहीत आहे, पण येताना त्याने काय पाहिले, कोठे तहानेने व्याकूळ झाला, कोणत्या गावच्या पाटलाने ओसरी दिली, हे नाही. नागपूरहून रायपूर, संबळपूर करीत जगन्नाथपुरीस जाणाऱ्या वाटेने भोसल्यांच्या काळात केवढी मराठी माणसे गेली असतील! त्यांच्या पायांखालची वाट मात्र आपल्याला ब्लंटसारख्यांच्या कागदांतून शोधावी लागते, याची मला मनापासून खंत वाटते.

या सर्वसाधारण उदासीनतेला जो एक तेजस्वी अपवाद आहे, तो म्हणजे विष्णुभट गोडसे वरसईकर यांचा ‘माझा प्रवास’. पेणजवळच्या वरसई गावचा हा भिक्षुक, घरच्या कर्जाने गांजलेला, मथुरेस बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार आहेत आणि तेथे भरघोस दक्षिणा मिळेल अशी वार्ता ऐकून, १८५७ साली आपल्या चुलत्याबरोबर उत्तरेकडे निघाला. दक्षिणेऐवजी त्याच्या वाट्याला बंडाची धुमाळी आली. ग्वाल्हेर, झाशी, काल्पी, अयोध्या, काशी असा त्याचा प्रवास झाला; झाशीच्या वेढ्याच्या वेळी तो शहरातच होता; मिळविलेले द्रव्य लुटले गेले, प्राण मात्र वाचले, आणि अखेर गंगेची कावड खांद्यावर वाहून आणून त्याने आपल्या मातापित्यांना त्या जलाने स्नान घातले. सांप्रतच्या सॅकवाल्या प्रवाशांनी या कावडीचे वजन आणि काशीहून कोकणापर्यंतचे अंतर यांचा क्षणभर विचार करावा.

परंतु आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट निराळीच आहे. गोडसे भटजींनी हे सर्व लिहिले ते १८८३ च्या सुमारास, म्हणजे घटना घडून जवळजवळ पंचवीस वर्षे लोटल्यावर, चिंतामणराव वैद्यांच्या आग्रहावरून. ते पुस्तकरूपाने निघाले १९०७ साली, भटजींच्या पश्चात, आणि तेही वैद्यांनी भाषेवर संस्कार करून व काही मजकूर वगळून. मूळ मोडी हस्तलिखिताला धरून असलेली आवृत्ती दत्तो वामन पोतदारांच्या संपादनाने १९६६ मध्ये वाचकांच्या हाती आली. त्या ग्रंथाची योग्यता कोणीही नाकारणार नाही. भटजींची निरीक्षणशक्ती विलक्षण होती आणि झाशीच्या लुटीचे त्यांचे वर्णन वाचताना आजही अंगावर काटा येतो. तथापि तिथीवार, घटनांचा क्रम आणि ऐकीव मजकुराची सरमिसळ यांबाबत अभ्यासकांना पदोपदी इतर कागदांशी ताडून पाहावे लागते. धामधुमीच्या दिवसांत वाटेवर लिहिलेले कागद जवळ बाळगणे ही काही साधी गोष्ट नव्हती, तेव्हा यात भटजींना दोष देण्याचे कारण नाही. त्यांच्या ग्रंथातून निघणारा बोध असा की, पंचवीस वर्षांनी मनात जे उरते ते भयाने, आनंदाने किंवा शोकाने कोरलेले असते. अशा दोन कोरीव प्रसंगांमधील सपाट दिवस मात्र पुसून जातात.

असेच दुसरे उदाहरण रायपूरचेच आहे. १८७७ साली, रेल्वे येथवर पोहोचण्यापूर्वी, चौदा वर्षांचा नरेंद्रनाथ दत्त, म्हणजेच पुढील काळातील स्वामी विवेकानंद, घरच्या मंडळींसह बैलगाडीने रायपुरास आला आणि बुढापाऱ्यात राहिला. पंधरा दिवसांहून अधिक चाललेल्या त्या प्रवासात विंध्याच्या कड्याला लोंबणारे एक प्रचंड मधाचे पोळे पाहून त्याचे भान हरपले, ही गोष्ट त्यांनी पुढे स्वतः सांगितली. त्या सांगण्यात पोळे लख्ख आहे. मुक्काम, नद्या, गाडीवानाची वाट यांचा त्यात मागमूस नाही.

स्मरणाच्या या स्वभावाचा शास्त्रीय अभ्यास १८८५ मध्ये हेरमान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने प्रसिद्ध केला. अर्थहीन अक्षरसमूहांच्या याद्या स्वतः पाठ करून, ठरावीक कालानंतर त्या पुन्हा पाठ करण्यास किती श्रम वाचतात हे तो मोजीत असे. त्याला आढळले की पहिल्या तासाभरातच निम्म्याहून अधिक गळून जाते, दिवस उलटला की एकतृतीयांशाच्या आसपास उरते, आणि त्यानंतरची गळती मात्र मंदावते. प्रवासातले अनुभव अर्थहीन नसतात हे खरे. परंतु कोणत्या वळणावर विहीर होती, सोबतच्या म्हाताऱ्याने झाडाचे नाव काय सांगितले, ओढा ओलांडताना पाणी गुडघ्याएवढे होते की मांडीएवढे, असल्या सुट्या तपशिलांची गत त्या अक्षरांहून वेगळी होत नाही. पुढे १९३२ मध्ये केंब्रिजच्या फ्रेडरिक बार्टलेट याने दाखविले की आठवण नुसती झिजत नाही, ती बदलते. अमेरिकेतील आदिवासींची एक अपरिचित कथा इंग्रज विद्यार्थ्यांना वाचावयास देऊन काही काळाने सांगावयास लावली, तेव्हा त्यांनी त्यातील विचित्र भाग गाळला आणि उरलेला आपल्या परिचयाच्या साच्यात बसविला. परमुलखात जाऊन जे खरोखर नवीन पाहिले तेच आधी गळते किंवा ओळखीचे रूप घेते, हा याचा अर्थ. आणि प्रवास तर नवीन पाहण्यासाठीच करावयाचा असतो. म्हणून मी म्हणतो की, निजण्यापूर्वी लिहावे. दुसऱ्या दिवशी सकाळी लिहिणे हे उसनवारीचे लिहिणे होय.

या बाबतीत जपानातील एक दाखला मला फार उद्‍बोधक वाटतो. बाशो हा थोर कवी १६८९ च्या वसंतात सोरा नावाच्या शिष्यासह उत्तर जपानच्या पदयात्रेस निघाला आणि त्या वाटचालीवर त्याने जो लहानसा ग्रंथ रचला, तो त्याच्या मृत्यूनंतर १७०२ मध्ये प्रसिद्ध होऊन जपानी वाङ्मयाचे भूषण ठरला. त्याच प्रवासात सोराही रोज टिपणे लिहीत होता. ती १९४३ मध्ये प्रकाशात आली, आणि दोन्ही ताडून पाहता विद्वानांना आढळले की बाशोने कित्येक ठिकाणी दिवस व क्रम फिरविले आहेत. इचिबुरी येथील पांथशाळेत शेजारच्या खोलीत उतरलेल्या गणिकांचा जो हृद्य प्रसंग त्याने वर्णिला आहे, त्याचा तर सोराच्या टिपणात उल्लेखच नाही. यामुळे बाशोचा मोठेपणा तिळमात्र कमी होत नाही. कवीने काय वगळले, काय रचले, कोठे काळ आवळला, हे आज आपण समजू शकतो ते सोराच्या रूक्ष वहीमुळे. आपल्यापैकी बहुतेकांना बाशो होता येणार नाही. सोरा मात्र प्रत्येकाला होता येईल, आणि ते कमी प्रतीचे काम मुळीच नव्हे.

रूक्ष नोंदीची पराकाष्ठा पाहावयाची असेल तर कुमाऊँच्या नैनसिंग रावतांकडे वळावे. भारतीय सर्वेक्षण खात्याने त्यांना १८६५ मध्ये यात्रेकरूच्या वेषात तिबेटात पाठविले. त्यांची जपमाळ एकशे आठ मण्यांची नसून शंभर मण्यांची होती. दर शंभर पावलांना एक मणी सरकवावयाचा, म्हणजे माळ पुरी झाली की दहा हजार पावले झाली. पाऊल सुमारे साडेएकतीस इंचांचे पडावे असा सराव त्यांनी केला होता, त्यामुळे दोन हजार पावलांचा एक मैल धरता येई. हातातल्या प्रार्थनाचक्रात मंत्राच्या गुंडाळीऐवजी कोरा कागद असे आणि दिवसभराची अंतरे व दिशा त्यावर उतरत. पाणी कोणत्या उष्णतामानावर उकळते हे पाहून ते उंची काढीत. ल्हासाचे स्थान आणि उंची यांची नकाशातील नोंद या टिपणांवरून सुधारली गेली, आणि १८७७ मध्ये लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने त्यांना सुवर्णपदक दिले. शंभर-शंभर पावलांनी भरलेला तो कागद मला एखाद्या महाकाव्याइतकाच आदरणीय वाटतो.

आता व्यवहाराकडे वळू. वही लहान असावी, खिशात मावेल अशी, शिवलेली आणि जाड पुठ्ठ्याची. गोलबाजारात अजूनही लाल कापडी बांधणीच्या लांबट वह्या मिळतात, त्यांतली सर्वांत छोटी प्रवासास उत्तम, कारण तिची पाने ओढली तरी निघत नाहीत. लिहिण्यास शिसपेन्सिल घ्यावी. शिसे म्हणतात तो पदार्थ ग्राफाइट, म्हणजे कार्बनचेच एक रूप. ते पाण्यात विरघळत नाही, उन्हाने विटत नाही आणि थंडीत गोठत नाही. उलट शाईची अक्षरे पावसात किंवा घामाने ओघळतात. डार्विनने ‘बीगल’ जहाजाच्या १८३१ ते १८३६ या सफरीत किनाऱ्यावर उतरल्यावर खिशातल्या छोट्या वह्यांत बहुधा पेन्सिलनेच, तुटक शब्दांत टिपून घेतले आणि जहाजावर परतल्यावर त्यांवरून सविस्तर दिनचर्या लिहिली. ही दुहेरी पद्धत आपणही उचलावी: वाटेवर शब्द, मुक्कामी वाक्ये. तिकिटे व पावत्या वहीत चिकटविण्याची हौस अनेकांना असते; परंतु हल्लीच्या यंत्रातून निघणाऱ्या गुळगुळीत पावत्यांवरील अक्षरे उष्णतेने उमटविलेली असल्यामुळे त्या वर्ष-दोन वर्षांत कोऱ्या होतात आणि चिकटपट्टी पिवळी पडून कागद खाते. आकडे हाताने उतरवून घ्यावेत हे बरे.

काय लिहावे याविषयी माझे मत स्पष्ट आहे. ‘देखावा अवर्णनीय होता’ हे वाक्य वहीत नसावे, कारण वर्णन करण्यासाठीच वही आणली आहे. निघाल्याची, विसाव्याची आणि पोहोचल्याची वेळ लिहावी. १८९२ मध्ये नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने ठरविलेला हिशेब असा की, तीन मैलांना एक तास आणि दर दोन हजार फूट चढाला आणखी एक तास धरावा. स्वतःच्या वेळा लिहून ठेवल्या म्हणजे पाठीवर ओझे असताना आपला हिशेब याहून किती वेगळा पडतो हे दोन-तीन प्रवासांत कळते, आणि पुढील प्रवास सुरक्षित होतो. पाणी कोठे मिळाले, कोठे आटले होते, हे महिन्यासह लिहावे. गावांची नावे फलकावरून न घेता माणसांच्या तोंडून घ्यावीत. खर्च पैपैचा लिहावा. आज क्षुल्लक वाटणारा तांदळाचा भाव पन्नास वर्षांनी इतिहास होतो. पायाला फोड कोठे आले, कोणती वस्तू उगाच वाहिली, हेही टाकू नये. आणि प्रत्येक पानाचा चतुर्थांश मोकळा सोडावा. पुढे काही आठवले किंवा चूक ध्यानात आली, तर मूळ ओळ खोडू नये. त्या मोकळ्या जागेत त्या दिवसाची तारीख घालून पुरवणी जोडावी, म्हणजे वाटेवर दिसलेले कोणते आणि मागाहून सुचलेले कोणते, यांची गल्लत होत नाही.

नव्या माणसाने आरंभ करावयाचा, तर त्याला हिमालयापर्यंत जाण्याचे कारण नाही. रायपूरहून पन्नास किलोमीटरच्या आत, महानदी, पैरी व सोंढूर यांच्या संगमावर राजीम आहे, आणि तेथून पौष-माघाच्या थंडीत पंचकोशीची यात्रा निघते. संगमातल्या कुलेश्वराचे दर्शन घेऊन पटेवा, चंपारण, बम्हनी, फिंगेश्वर आणि कोपरा येथील महादेवांना प्रदक्षिणा घालून मंडळी राजीमला परततात. डोक्यावर गाठोडे, त्यात तांदूळ, डाळ, पातेले, कांबळे, अमराईत उतरावयाचे, तीन दगडांची चूल मांडून भात शिजवावयाचा, रात्री भजन म्हणावयाचे आणि झुंजुमुंजू होताच पुढची वाट धरावयाची. यात खेड्यातल्या पोक्त बाया असतात, आणि त्यांना कोणता तलाव गोड, कोणत्या पारावर वारा लागत नाही, पूर्वी वाट कोठून जात असे, हे सारे मुखोद्गत असते. हे ज्ञान कोणत्याही कागदावर नाही. चुलीशी बसून त्यांना आदराने विचारावे, त्यांच्याच छत्तीसगढी शब्दांत ते उतरावे, आणि वाचून दाखवून त्यांच्याकडून दुरुस्त करून घ्यावे. वल्लभाचार्यांचा जन्म चंपारणाला झाला तोही त्यांचे मातापिता काशीहून दक्षिणेकडे वाटचाल करीत असताना, असे संप्रदायाची परंपरा सांगते. तेव्हा हा मुलूख वाटसरूंचाच आहे.

हातातल्या मोबाईलने हे काम आपोआप होते, असे काही तरुण मला सांगतात. तो आपण कोठे होतो आणि किती वाजता होतो हे नैनसिंगांहूनही अचूक सांगतो, हे मी कबूल करतो, आणि ज्याच्याजवळ आहे त्याने त्याचा उपयोग अवश्य करावा. परंतु वाट सोडून आपण डावीकडे का वळलो, कोणाच्या सांगण्यावरून वळलो, आणि वळल्यावर मनाला काय वाटले, हे त्याला ठाऊक नसते.

पुरानी बस्ती, तात्यापारा, बुढापारा येथील जुन्या मराठी घरांना माझी विनंती आहे की, माळ्यावरच्या पेट्या एकदा उघडून पाहाव्यात. आजोबा-पणजोबांची काशीयात्रेची किंवा पुरीयात्रेची एखादी मोडी वही, नुसता खर्चाचा कागद का असेना, सापडला तर रद्दीत न घालता मोडी जाणणाऱ्याला दाखवावा आणि पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या संस्थेशी पत्रव्यवहार करून त्याची नक्कल तरी सुरक्षित करावी. आणि ज्यांना या पौषात राजीमची वाट धरावयाची आहे, त्यांनी शिध्याबरोबर एक वही आणि दोन पेन्सिली घ्याव्यात, व पहिल्या मुक्कामाची नोंद पहिल्या रात्रीच करावी.